जस्ताचा रोबोट

पोस्टाची तिकिटे किंवा जुनी नाणी जमवणारी माणसे तुम्हांला माहीत असतील. आपण उर्दूत ज्याला शौक म्हणतो, त्याला मराठीत छंद म्हणतात. काही लोकांना जुने जपानी रोबोट जमवण्याचा छंद असतो. रोबोट म्हणजे यंत्रमानव. पण हे रोबोट काम करणारे नव्हेत, ती मुलांची खेळणी आहेत.

१९७२ साली जपानमध्ये गो नागाई या चित्रकाराची 'माझिंगर झेड' ही चित्रकथा सुरू झाली. त्याच वर्षी ती टीव्हीवरही आली. तिच्यातला प्रचंड यंत्रमानव एका काल्पनिक, अभेद्य धातूचा बनलेला होता. १९७४ मध्ये पोपी या कंपनीने त्याचे तळहातावर मावेल एवढे खेळणे काढले आणि त्याला 'चोगोकिन' हे नाव दिले. चोगोकिन म्हणजे महान मिश्रधातू!

नाव मोठे होते, धातू मात्र साधा होता. जस्तात थोडे ॲल्युमिनियम वगैरे मिसळलेले असे. हे मिश्रण ४०० अंश सेल्सिअसच्या आतच वितळते. ते दाब देऊन पोलादी साच्यात भरतात. त्यामुळे बारीक नक्षीसुद्धा स्पष्ट उठते. पत्र्याची खेळणी आतून पोकळ असत. हा रोबोट हातात घेतला की थंड आणि जड लागे. मुलांना तोच जडपणा आवडला.

आणखी एक गंमत होती. कळ दाबली की रोबोटची मूठ स्प्रिंगच्या जोराने सुटून उडे. आता सांगा, अशी मूठ घरात किती दिवस टिकेल? ती कपाटाखाली जाई, केरात जाई. खोके तर बहुतेक घरांत लगेच फेकले जाई. म्हणूनच दोन्ही मुठी आणि खोके असलेला जुना रोबोट आज फार महाग मिळतो. मोडका रोबोटही लोक विकत घेतात, कारण त्याचे सुटे भाग दुसऱ्याला उपयोगी पडतात.

रंग उडालेला रोबोट पुन्हा रंगवावा का? जाणकार नको म्हणतात. मूळ रंग एकदा झाकला की खेळण्याचे वय ओळखणे कठीण होते आणि किंमतही उतरते. रंगवून तो जुनाच म्हणून विकणे ही तर सरळ फसवणूक आहे. बांदाई कंपनीने १९९७ पासून असेच रोबोट नव्याने काढले, पण ते नवे म्हणूनच विकले. त्यात काहीच गैर नाही.

बाजारात न उघडलेल्या खोक्याला सर्वांत जास्त भाव येतो. मला मात्र ओरखडे पडलेला रोबोट अधिक आवडतो. त्याच्याशी कोणीतरी मनसोक्त खेळलेले असते.

असे खेळणे उन्हात किंवा दमट जागी ठेवू नये. ते कोरड्या, मऊ फडक्याने पुसावे. मुठी काढून वेगळ्या पुडीत बांधाव्यात आणि ती पुडी रोबोटजवळच ठेवावी.