प्रेक्षक कीं नायक?

शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत बांधविलेल्या नाट्यगृहांत १९१५ पासून प्रेक्षकांनीं अनेक नायकांसाठीं अश्रु ढाळले. परंतु नायकाचा एकहि निर्णय त्यांना बदलतां आला नाहीं. भूमिका घेऊन खेळावयाच्या व्हिडिओ गेमांत खेळणाराला नेमका हाच अधिकार हवा असतो. १९७४ सालीं अमेरिकेंत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या बैठ्या खेळाच्या नियमांवर रचलेल्या, २०२३ सालच्या ‘बाल्डर्स गेट ३’ मध्यें शत्रूशीं लढावें, त्याचें मन वळवावें कीं त्याला चुकवावें, हें बहुधा खेळणाराच ठरवितो. दुखावलेला सोबती त्याला सोडूनहि जातो. निवड खरी, म्हणून तिचें फळहि खरें. जेथें कोणतेंहि उत्तर दिलें तरी कथा एकाच वाटेनें जाते, तेथें चित्रें कितीहि सुंदर असोत, खेळणारा पुन्हां प्रेक्षकच होतो.