हातचा विसरणारे यंत्र

संगणक आकडेमोडीत चुकत नाही, असा आपला दृढ समज आहे. तो सर्वस्वी खरा नाही. संगणकात संख्या ठेवण्यासाठी घरे मोजकीच असतात. शून्य वा एक मावेल अशी ३२ घरे असतील, तर त्यांत बसणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. तीत एक मिळवला की हातचा ठेवायला घरच उरत नाही. तो गळून पडतो आणि यंत्र मुकाट्याने शून्य लिहिते.

ही गफलत स्मृतीच्या, म्हणजे मेमरीच्या, वाटपात शिरली की अनर्थ ओढवतो. समजा, एखाद्या आज्ञावलीने प्रत्येकी ६५,५३६ बाइटांच्या ६५,५३७ नोंदींसाठी जागा मागितली. खरा गुणाकार ४,२९,५०,३२,८३२. परंतु हातचा गळाल्यामुळे उत्तर येते अवघे ६५,५३६! जागा मिळते एका नोंदीची, आणि लिहिणे सुरू होते हजारोंचे. पुढचा मजकूर शेजारच्या जागेवर अतिक्रमण करतो. मागणीचा आकडा आणि मजकूर परक्याच्या हाती असतील, तर यंत्राचा ताबाही त्याच्याकडे जाऊ शकतो.

हे भय काल्पनिक नव्हे. एप्रिल २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी लहान उपकरणांच्या कार्यप्रणालींतील व त्यांच्या पूरक आज्ञावलींतील असे २५ हून अधिक दोष उघड केले. त्याच वर्षी १७ ऑगस्टला ब्लॅकबेरी कंपनीने आपल्या क्यूएनएक्स या कार्यप्रणालीच्या जुन्या आवृत्त्यांत हा दोष असल्याचे जाहीर केले. ही प्रणाली मोटारींत आणि वैद्यकीय उपकरणांतही वापरली जाते.

खेदाची गोष्ट ही, की रोग जुनाच होता. स्मृतिवाटपातील याच चुकीविषयी २००२ मध्येच जाहीर इशारा देण्यात आला होता. उपायही शाळकरी पोराला समजावा असा आहे. कमाल संख्येला एका नोंदीच्या आकाराने आधी भागावे. मागितलेल्या नोंदी भागाकाराहून अधिक असतील तर मागणी नाकारावी. एवढा ताळा का पाहिला जात नाही? आज्ञावली लिहिणारा कार्यप्रणालीवर विसंबतो, कार्यप्रणाली रचणारा 'एवढे मागणार कोण?' असे गृहीत धरतो, आणि उपकरण विकणाऱ्याला आत कोणाची आज्ञावली आहे याचा पत्ता नसतो.

म्हणून उपकरणाच्या पोटात काय आहे, याची यादी विक्रेत्याकडून मागितलीच पाहिजे. रुग्णालयातील यंत्राची दुरुस्ती फोनच्या दुरुस्तीइतकी सोपी नसते. तेथे विसरलेल्या हातच्याची किंमत रुग्णाला मोजावी लागू शकते.