गुलाबी तेलाचा इशारा

२७ जुलै २०१९. उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. वालधुनी नदीकाठच्या अंबरनाथ-उल्हासनगरलाही पुराचे पाणी नवे नाही. अशा पाण्यात ऑटोमॅटिक गाडी बुडाली, तर गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवेच्या छिद्रातून, पाणी आत शिरू शकते आणि आतले लालभडक तेल स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखे गुलाबी, दुधाळ होते. मग इंजिन सुरूच करायचे नाही, टोइंगची गाडी बोलवायची.

एरवी या तेलाची तपासणी घरीही जमते, पातळी मोजायची डिपस्टिक असेल तर! अनेक नव्या गाड्यांत ती नसतेच.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, तेल गरम आणि बहुतेक मॉडेलांत इंजिन चालू. पायाने ब्रेक दाबून गिअर 'पी'पासून सगळीकडे फिरवून परत 'पी'वर आणायचा. डिपस्टिक पुसून पुन्हा घालायची. पातळी गरम तेलाच्या दोन खुणांमध्ये हवी. कमी असेल तर त्याच नळीतून, लांब नरसाळ्याने, मॅन्युअलमध्ये सांगितलेलेच तेल थोडे थोडे ओतायचे. जास्त झाले तर फेस येतो, दाब घटतो, गिअर घसरतात. हे तेल इंजिन ऑइलसारखे जळत नाही, त्यामुळे पातळी उतरली की गळती शोधावी.

२०१४च्या सेलेरिओ गाडीपासून लोकप्रिय झालेल्या एएमटीला, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सचेच गिअर आपोआप बदलणाऱ्या यंत्रणेला, मात्र ही तपासणी लागू नाही. तिच्या गिअरबॉक्समध्ये साधे गिअर ऑइलच असते.