मात्रेचा विवेक : ॲरिस्टॉटलचा नीतिविचार आणि आपला व्यवसाय

रुग्णास त्याच्या व्याधीविषयी किती सांगावे, शुल्क कोणास माफ करावे, दुकानात आलेल्या कोणास कोणते औषध नाकारावे, हे प्रश्न आपणां सर्वांपुढे नित्य उभे राहतात. त्यांचे उत्तर शोधताना ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल (इ. स. पूर्व ३८४–३२२) आम्हांस विशेष जवळचा वाटतो. परंपरेनुसार त्याचे वडील निकोमॅकस हे मॅसिडोनियाचा राजा अमिंटस याचे राजवैद्य होते. वैद्याच्या घरी जन्मलेल्या या विचारवंताने 'निकोमॅकियन एथिक्स' या ग्रंथात नीतीची चर्चा करताना वैद्यकातील दाखले वारंवार दिले आहेत.

मध्यम म्हणजे निम्मे नव्हे

सद्गुण दोन टोकांच्या मध्ये असतो, हे त्याचे मत प्रसिद्ध आहे. भित्रेपणा व अविचारी साहस यांच्यामध्ये शौर्य, कृपणता व उधळेपणा यांच्यामध्ये औदार्य. परंतु हा मध्य गणिताने काढावयाचा नसतो. दहा मापे अन्न फार आणि दोन मापे थोडे, म्हणून मल्लविद्येचा शिक्षक प्रत्येकास सहा मापे देत नाही. मायलोसारख्या प्रख्यात मल्लास ती अपुरी पडतील, नवशिक्यास जड होतील. अग्नी, बल, वय, देश व काल पाहून मात्रा ठरविणाऱ्या वैद्यास हे निराळे सांगावयास नको. हीनयोग, अतियोग व मिथ्यायोग टाळून समयोग साधण्याची जी दृष्टी आपण आहार-औषधाबाबत ठेवतो, तीच हा तत्त्ववेत्ता आचरणाबाबत ठेवावयास सांगतो.

एक नेहमीचा प्रसंग पाहू. सायंकाळी ग्राहक येतो व तापासाठी त्रिभुवनकीर्ती मागतो. वैद्याची चिठ्ठी जवळ नाही. या कल्पात वत्सनाभ आहे. औषधे नियम, १९४५ यांतील अनुसूची ई (१) मध्ये त्याचा समावेश असून, अशा द्रव्यापासून बनविलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापावी लागते. ओळखीचा माणूस म्हणून मुकाट्याने डबी देणे हे एक टोक. नियमाकडे बोट दाखवून त्यास दारातूनच परत पाठविणे हे दुसरे. चार गोळ्यांऐवजी दोन द्याव्यात, हा नुसता हिशेबाचा निम्मा झाला. औषध कोणासाठी, ताप किती दिवसांचा, रुग्ण बालक आहे की गर्भिणी, हृदयविकार आहे काय, हे आस्थेने विचारावे, जवळच्या वैद्यांस दूरध्वनी लावून द्यावा आणि त्यांचा सल्ला मिळेपर्यंत डबी हाती देऊ नये. अशा प्रसंगी योग्य मध्यम आम्हांस येथे दिसतो. त्यात वेळ जातो, क्वचित विक्रीही जाते.

सत्य आणि बढाई

स्वतःविषयी यथार्थ बोलणे यासही ॲरिस्टॉटल सद्गुण मानतो. त्याच्या एका बाजूस बढाई, दुसऱ्या बाजूस स्वतःस उणे लेखणे. लाभासाठी बढाई मारणारे लोक असेच सामर्थ्य सांगतात की जे इतरांस हवेहवेसे असते आणि ज्याचा अभाव सहसा उघडकीस येत नाही, असे तो म्हणतो. याचे उदाहरण देताना त्याने भविष्यवेत्त्याबरोबर वैद्याचेही नाव घेतले आहे! राजवैद्याच्या पुत्राचे हे निरीक्षण आपण मनावर घ्यावे.

'मधुमेह समूळ बरा' अशी जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक अधिनियमाने निषिद्ध आहेच. पण बंद खोलीत रुग्ण 'मी पूर्ण बरा होईन ना?' असे विचारतो, तेव्हा कायदा शेजारी बसलेला नसतो. तेथे हमी देणे ही बढाई, आणि आपल्या शास्त्राजवळ काहीच नाही असे म्हणणे हा न्यूनगंड. साध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य व असाध्य ही विभागणी आचार्यांनी आपल्या हाती दिली आहे. व्याधी याप्य असेल तर तसे सांगावे, पथ्य व व्यायाम समजावून द्यावेत, रक्तशर्करा तपासत राहण्यास सांगावे आणि चालू असलेले इन्सुलिन वा गोळ्या परस्पर बंद न करण्याविषयी बजावावे. एका खोट्या हमीपायी रुग्णाचे प्राण संकटात येऊ शकतात.

जेथे मात्राच नाही

मध्यमाचा नियम सर्वत्र लावता येत नाही, हेही ॲरिस्टॉटलने स्पष्ट केले आहे. चोरी, व्यभिचार, मनुष्यवध यांस योग्य प्रमाण नसते. ती कृत्ये मुळातच अयोग्य होत. चूर्णात गुपचूप स्टेरॉईड मिसळणे किंवा मुदत संपलेल्या औषधाचे वेष्टन बदलणे याच वर्गात मोडते. 'थोडेसेच घातले' किंवा 'रुग्णास आराम तर पडला' ही समर्थने येथे लागू पडत नाहीत.

अभ्यास

सद्गुण अभ्यासाने अंगी येतो. नीतीची केवळ चर्चा करणारा मनुष्य, वैद्याचे बोलणे लक्षपूर्वक ऐकून औषध मात्र न घेणाऱ्या रुग्णासारखा असतो, असे ॲरिस्टॉटल सांगतो. चरकाचार्यांनीही वैद्यगुणांत निर्मळ शास्त्रज्ञानाबरोबर वारंवार पाहिलेले कर्म, दाक्ष्य व शौच यांस स्थान दिले आहे.

आपला कल कोणत्या बाजूस आहे ते ओळखावे आणि वाकलेली काठी सरळ करताना जसे करतात, तसे स्वतःस विरुद्ध बाजूस ओढावे, असाही उपाय तो सुचवितो. ज्यास विक्रीचा मोह अधिक, त्याने नकार देण्याकडे थोडे झुकावे. ज्याच्या तोंडी कठोर शब्द चटकन येतात, त्याने मार्दवाकडे झुकावे. वैद्यबंधू-भगिनींनी व औषधविक्रेत्यांनी आपापला कल तपासून हा उपाय आचरून पाहावा, अशी आमची विनंती आहे.