बाजू पालटताना

गेल्या वर्षी मिरजेतली आमची वाड्यातली जागा सोडावी लागली. नव्या दोन खोल्यांत वडिलांच्या २१२ ध्वनिमुद्रिका मावणार नव्हत्या. एका तरुण संग्राहकाने त्या सांभाळायची तयारी दाखवली. न्यायला आला तेव्हा म्हणाला, "काका, ज्यांच्यावाचून तुम्हाला राहवणार नाही, तेवढ्या आधी काढून घ्या." मी तीन काढल्या. तो गेल्यावर बायकोने विचारले, "याच तीन का?" मला धड उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध. मी गाणे शिकलेलो नाही. साखर कारखान्याच्या भांडारात नोकरी केली आणि उरलेल्या वेळात ऐकून ऐकून टिपणे काढली. तेव्हा माझे म्हणणे जाणकारांनी स्वतःच्या कानांनी तपासून घ्यावे.

आधी 'अल्बम' या शब्दाविषयी. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकडीवर एका बाजूला साधारण तीन-चार मिनिटेच मावत. लांबलचक रचना द्यायची तर अनेक तबकड्या लागत. त्या फोटोंच्या अल्बमसारख्या जाड बांधणीच्या वहीत, एकेका पाकिटात घालून विकत. ती वही म्हणजे अल्बम. पुढे वही गेली, नाव राहिले.

आपल्याकडे १९०२ साली कोलकात्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हापासून जवळजवळ अर्धे शतक आपले संगीत या तीन मिनिटांत राहिले. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी आजही आम्हा मिरजकरांच्या कानात आहे, ती त्या तीन मिनिटांतलीच. पण तो अत्तराचा फाया होता. ख्यालाचा विस्तार त्यात मावणे शक्य नव्हते.

१९४८ साली अमेरिकेत एलपी आली. फेरे मिनिटाला ३३⅓, खाचा अधिक बारीक, आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे. ख्यालाला प्रथमच पाय पसरायला जागा मिळाली. मात्र तिच्यातही एक अडचण होती. तबकडीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, तर आत लेबलाजवळ जेमतेम २१ सेंटिमीटर. फेऱ्यांची गती तीच, पण वर्तुळ लहान. त्यामुळे आत जाता जाता आवाजाचा बारकावा कमी होतो. ख्याल संथ सुरू होतो आणि द्रुतात संपतो. म्हणजे ताना नेमक्या तबकडीच्या अडचणीच्या जागी येतात. आणि बाजू संपली की उठून ती पालटावी लागते. लहानपणी घरात ते काम माझे होते. वडील नुसते "बाजू" म्हणत.

आता माझ्या तीन तबकड्या.

पहिली उस्ताद अमीर खाँ यांची. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मैफलीत तासभर चालणारा त्यांचा अतिविलंबित झुमरा इथे वीस-बावीस मिनिटांत बसवायचा होता. त्यांनी लय वाढवून वेळ वाचवलेला नाही. सांगायचे तेच कमी केले आहे, आणि म्हणून प्रत्येक सूर वजनदार झाला आहे. मारव्यात पंचम वर्ज्य. षड्जही टाळत टाळत घेतात. सगळा मुक्काम कोमल रिषभावर आणि धैवतावर. ऐकणारा अधांतरी राहतो. मग बाजू पालटली की दरबारीचा मंद्रातला भरदार षड्ज येतो, पंचम येतो, आणि पाय जमिनीला लागतात.

दुसरी किशोरी आमोणकरांची, भूप आणि बागेश्रीची. 'सहेला रे' माहीत नाही असा मराठी रसिक विरळाच. पण तो भूप ऐकून बहुतेक लोक तिथेच थांबतात. भूपात मध्यम आणि निषाद नाहीत. पाच स्वच्छ सुरांचे ते अंगण आहे. दुसऱ्या बाजूच्या बागेश्रीचा जीव मात्र मध्यमातच. पहिल्या बाजूने वीस मिनिटे जो सूर दिला नाही, त्याच सुरावर दुसरी बाजू येऊन विसावते. भूपानंतर लगेच ऐकलेल्या बागेश्रीतला तो मध्यम, एरवी ऐकलेल्या बागेश्रीतल्यापेक्षा मला नेहमी अधिक ओला वाटत आला आहे.

तिसरी 'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७ सालची. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. तिघेही तेव्हा तिशीच्या आसपासचे. काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस अशी कल्पना. पहाटे अहिरभैरव, मग नटभैरव, दुपारकडे पिलू. पालटल्यावर भूप, देस आणि शेवटी पहाडी. या तबकडीचे निर्माते होते जी. एन. जोशी. 'रानारानांत गेली बाई शीळ' गाणारे तेच जोशी पुढे एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाचे काम पाहत. भावगीताच्या तीन मिनिटांत काय मावते हे ज्याला गळ्याने ठाऊक होते, त्यानेच चाळीस मिनिटांत एक अख्खा दिवस बसवून घेतला, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

तिन्ही तबकड्या शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. तिन्हींमध्ये पहिली बाजू आधीच्या वेळेची आहे आणि दुसरी नंतरची. मारवा सूर्यास्ताचा, दरबारी उत्तररात्रीकडे झुकणारा. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, बागेश्री मध्यरात्रीकडची. तिसरीत तर उजाडण्यापासून रात्रीपर्यंतचा दिवसच. बाजू पालटणे म्हणजे वेळ पालटणे. प्लॅस्टिकच्या मर्यादेतून आपल्या संगीताची समयकल्पना अशी अलगद वाट काढून गेली होती.

हे कळले तेव्हा वडिलांची एक सवय आठवली. ते रेल्वेत होते, बहुधा रात्रपाळीला. दिवेलागणीला मारवा लावत. तो संपला की मी पालटायला धावे, तर म्हणत, "आत्ता नाही." तबकडी तशीच राही, वर आई धुतलेला रुमाल टाके. जेवणे होत, माझा अभ्यास होई. साडेदहाला डबा भरून झाला, टोपी हातात घेतली, की मग ते म्हणत, "बाजू." दरबारी उभ्याने ऐकून ते कामावर जात. मला त्या तीन तासांचा राग येई. आज वाटते, आमच्या घरात ती तबकडी पूर्ण ऐकणारे ते एकटेच होते.

आता मुलाने या तिन्ही मोबाइलवर घालून दिल्या आहेत. आवाज स्वच्छ आहे, ताना लेबलाजवळ घुसमटत नाहीत, नाकारण्याजोगे काही नाही. परवा मात्र भर दुपारी दरबारी संपला आणि मागोमाग मारवा सुरू झाला. सूर सगळे जागच्या जागी होते. फक्त पाय आधी जमिनीला टेकले आणि मग जमीन गेली. अल्बममध्ये गाण्यांइतकाच त्यांचा क्रम असतो, मधली थांबण्याची जागा असते. तेवढे हरवले तर काही हरवले आहे हेही कळत नाही.

क्रमाचे मोल जाणणारे लोक दूरवरही होते. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली. साऱ्या मानवजातीचा तो अल्बम, त्यात जगभरातले २७ संगीततुकडे. शेवटून तिसरा आहे गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांचा, भैरवीतला, साडेतीन मिनिटांचा. याने सुटली आणि काही दिवसांतच केसरबाई गेल्या. मैफल भैरवीने संपवायची आपली रीत. तिथेही ती शेवटाकडेच आली आहे.

उरलेल्या २०९ तबकड्या त्या तरुणाकडे सुखरूप आहेत. न्यायच्या दिवशी वेष्टनांवर पेन्सिलीची अक्षरे पाहून तो म्हणाला, "काका, हे खोडून टाकतो, वेष्टन स्वच्छ दिसेल." वडिलांचे अक्षर होते. एका बाजूला 'दिवेलागण', दुसऱ्या बाजूला 'निजानीज'. कुठे 'रविवार, आंघोळीआधी'. मी त्याला एवढेच सांगितले, "बाबा रे, तबकड्या तुझ्या झाल्या. पण ते खोडू नकोस. कशा ऐकायच्या, ते तिथे लिहिले आहे."