आर्गोची नोंदवही

समुद्राची मोजमापे घेणाऱ्या आर्गो प्रकल्पाची ओळख बहुधा त्याच्या यंत्रापासून करून दिली जाते, आणि यंत्र आहेच तसे नवलाचे. पोटातले तेल बाहेरच्या पिशवीत ढकलले की यंत्राचे आकारमान वाढते आणि ते वर येते. तेल आत घेतले की बुडते. १,००० मीटर खोलीवर ते प्रवाहाबरोबर सुमारे नऊ दिवस वाहत राहते. मग २,००० मीटरपर्यंत उतरून, वर येताना दाब, तापमान आणि क्षारता मोजते, उपग्रहामार्फत नोंदी पाठवते आणि पुन्हा बुडी मारते. अशी सुमारे ४,००० यंत्रे, ज्यांना सगळे फ्लोटच म्हणतात, आज जगाच्या समुद्रांत फिरत आहेत. तरीही माझ्या मते आर्गोचे मोठेपण फ्लोटमध्ये नाही. फ्लोट बुडी मारून गेल्यावर किनाऱ्यावरच्या कचेऱ्यांत त्या नोंदींचे जे केले जाते, त्यात ते आहे.

एकदा सोडलेला फ्लोट सहसा परत मिळत नाही. क्षारता मोजणाऱ्या संवेदकावर शेवाळ धरते, त्याचे मोजमाप हळूहळू सरकत जाते, आणि तो प्रयोगशाळेत आणून तपासण्याची सोय नसते. म्हणून तपासणी दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा संगणकाचा. ठिकाण जमिनीवर तर दिसत नाही ना, एखादा आकडा मध्येच उसळला तर नाही ना, हे पाहून प्रत्येक आकड्यावर दर्जाची खूण केली जाते: १ म्हणजे चांगला, ४ म्हणजे वाईट. मग साधारण २४ तासांच्या आत नोंद सर्वांसाठी खुली होते. दुसरा टप्पा माणसांचा, आणि तो काही महिन्यांनी येतो. खोल समुद्रातले पाणी फार सावकाश बदलते. तिथे ठरावीक तापमानाला क्षारता किती असायला हवी याचा अंदाज जहाजांवरून घेतलेल्या जुन्या, अचूक मोजमापांवरून आणि शेजारच्या फ्लोटवरून बांधता येतो. त्याच्याशी ताडून तज्ज्ञ ठरवतात की पाणी बदलले की संवेदक बिघडला. या निर्णयाला अनुभव लागतो, कारण चुकला तर समुद्रातला खरा बदलच पुसला जातो. म्हणूनच दुरुस्त आकडा वेगळ्या रकान्यात लिहिला जातो आणि मूळ आकडा जागच्या जागी राहतो. आर्गोच्या साऱ्या व्यवस्थेत हा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो.

नोंदी लगेच खुल्या करण्यावरचा पहिला आक्षेप रास्त आहे. २४ तासांत दिलेली नोंद कच्ची असते. मग तज्ज्ञांचा हात फिरेपर्यंत ती रोखून का धरू नये? २००६ साली हा आक्षेप खरा ठरल्यासारखे वाटले होते. २००३ ते २००५ या काळात समुद्राचा वरचा थर थंड झाला, असा निष्कर्ष एका शोधनिबंधात निघाला आणि हवामानबदल नाकारणाऱ्यांनी तो उचलून धरला. पण उपग्रह तर समुद्राची पातळी वाढताना दाखवत होते. निबंधाचे एक लेखक जॉश विलिस यांनी नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा दोन चुका सापडल्या. फ्लोटच्या एका गटात तापमान चुकीच्या खोलीशी जोडले गेले होते. आणि जहाजांवरून टाकल्या जाणाऱ्या जुन्या तापमापकांच्या नोंदी मुळातच थोड्या उष्ण होत्या, त्यामुळे जुन्याकडून नव्या साधनाकडे वळताना समुद्र थंड झाल्याचा भास होत होता. २००७ मध्ये दुरुस्ती प्रसिद्ध झाली. कच्ची नोंद खुली करण्यात धोका आहे, हे यावरून नक्कीच दिसते. पण चूक वर्षभरात का पकडली गेली? उपग्रहाच्या आणि फ्लोटच्या नोंदी शेजारी ठेवून पाहता येत होत्या आणि मूळ आकडे कुणी खोडले नव्हते, म्हणून. एकाच संस्थेच्या कपाटात बंद राहिलेली चूक ताडून पाहायला दुसरे साधन घेऊन कुणी आले असते असे मला वाटत नाही.

उशीर झाला की काय किंमत मोजावी लागते, हे हिंदी महासागराने पाहिले आहे. १९५९ ते १९६५ या काळात अनेक देशांच्या जहाजांनी आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम केली. तिच्यातूनच १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, जिचे मुख्यालय आज गोव्यात दोना पावला येथे आहे. क्लाउस विर्टकी यांनी त्या नोंदींचा केलेला अॅटलास मात्र छापून आला १९७१ मध्ये. अभ्यासासाठी तो अमूल्य ठरला, पण उद्याच्या वादळासाठी सहा वर्षांपूर्वीचा समुद्र कामाचा नाही. मे २०२१ मधले तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेले. असे वादळ पाणी घुसळते. उबदार थर उथळ असेल तर खालचे थंड पाणी वर येऊन वादळाचा जोर ओसरतो, जाड असेल तर त्याला ऊर्जा मिळतच राहते. हा थर किती जाड आहे, हे पृष्ठभागाचे तापमान पाहणाऱ्या उपग्रहाला थेट दिसत नाही; ते फ्लोटच्या नोंदींतून कळते. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेकडे भारतीय फ्लोटच्या नोंदी येतात, तिथेच त्या तपासल्या जातात. तिथल्या समुद्र-विश्लेषणाचा उपयोग पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेल्या मोसमी पावसाच्या प्रारूपांना होतो. त्यांना वर्षभराने मिळालेली शुद्ध नोंद पुरत नाही, आजची हवी असते.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा आहे आणि तो पोकळ नाही. पाण्यात ध्वनीचा वेग तापमान, क्षारता आणि दाबावर ठरतो. पाणबुड्या शोधणाऱ्यांना तो कळायला हवा असतो. शिवाय प्रवाहाबरोबर वाहणारा फ्लोट २०० सागरी मैलांची आर्थिक क्षेत्राची हद्द ओळखत नाही. म्हणूनच युनेस्कोच्या आंतरशासकीय समुद्रविज्ञान आयोगाने १९९९ मध्येच ठरवले की फ्लोट ज्या देशाच्या हद्दीत वाहत जाऊ शकतो त्या देशाला आधी कळवावे. मला ही तडजोड योग्य वाटते. दहा दिवसांतून एकदा, वाहत जाऊन पोहोचेल तिथे घेतलेली एखादी नोंद महासागराचा हिशेब मांडायला उपयोगी पडते; पाणबुडीचा माग काढायला लागणारी दाट, जागच्या जागची मोजमापे वेगळी. उलट आपल्या हद्दीतल्या नोंदी अडवल्या तर जागतिक प्रारूपांत नेमका आपल्याच किनाऱ्यापुढचा भाग कच्चा राहतो, आणि त्या प्रारूपांवर आपणही विसंबून असतो.

तिसरी तक्रार श्रेयाची. फ्लोट सोडणारे आणि वर्षानुवर्षे आकडे दुरुस्त करणारे मागे राहतात, निबंध दुसरेच लिहितात. आर्गोने त्यावर अर्धा उपाय केला आहे. संपूर्ण संग्रहाची त्या त्या वेळची प्रत कायमच्या ओळखक्रमांकासह जपली जाते, त्यामुळे निबंधात तिचा निर्देश करता येतो आणि त्याच प्रतीवर गणित पुन्हा करूनही पाहता येते. उरलेला अर्धा उपाय विद्यापीठांच्या आणि निधी देणाऱ्यांच्या हाती आहे. नव्या फ्लोटसाठी पैसा मागणे सोपे असते, कारण तो जहाजावरून समुद्रात सोडताना दाखवता येतो. क्षारतेचा आलेख ताडून पाहत बसलेल्या तज्ज्ञाच्या पगाराची मागणी तितकी सहज मंजूर होत नाही. फ्लोटची बॅटरी चार-पाच वर्षांत संपते, पण त्याच्या नोंदी नव्या पद्धती हाती आल्यावर पुन्हा तपासाव्या लागतात. म्हणून प्रत्येक फ्लोटच्या किमतीतच त्या कामाची तरतूद धरलेली असावी.