दहा डावांचा निकाल

घरच्या संगणकावर बुद्धिबळाची दोन एंजिने समोरासमोर बसवायची आणि आपण चहा घेत मौज बघायची, हा छंद आता कोणालाही परवडण्यासारखा आहे. स्टॉकफिश फुकट मिळते, लीला फुकट मिळते, आणि दोघांची गाठ घालून देणारा अरेना हा प्रोग्रॅमही फुकट. यूसीआय नावाची एक बोली २००० साली ठरली. ती बहुतेक एंजिनांना कळते, म्हणून ही भेट घडते.

दहा डाव होतात. निकाल सहा-चार. आपण निवाडा देऊन मोकळे! पण वाचकहो, जरा एक नाणे दहा वेळा उडवून पाहा. बरोबर पाच छापे आणि पाच काटे असं साधारण चारांतून एकदाच घडतं. उरलेल्या तीन वेळा एक बाजू सहा-चारने किंवा त्याहून अधिक फरकाने ‘जिंकते’. म्हणून काय छापा काट्याहून बलवान झाला? शंभर वेळा उडवलेत तरी साठ-चाळीस पडणे फारसे नवलाचे नाही. अनिश्चितता निम्मी करायची तर डाव चौपट करावे लागतात, त्याला इलाज नाही. स्टॉकफिशचे कर्ते बारीकसारीक बदलसुद्धा हजारो डाव खेळवून मगच स्वीकारतात, ते याचसाठी.

आणि सामना न्यायाचा हवा. प्रतिस्पर्ध्याच्या वेळात विचार करण्याची सोय दोघांचीही बंद ठेवावी. नाहीतर एकाच प्रोसेसरवर दोघे तुटून पडतात, जणू दोन पहिलवान एका ताटात जेवायला बसवले! स्मृती दोघांना सारखी द्यावी. लीलाला मात्र चांगले ग्राफिक्स कार्ड लागते. ते नसलेल्या यंत्रावर तिची हार झाली तर ती हार तिची नव्हे, यंत्राची.

बलाढ्य एंजिने पहिल्या खेळीपासून सोडली की डाव बहुधा बरोबरीतच सुटतात. तेव्हा सुरुवातीच्या काही खेळ्या आपणच ठरवून द्याव्यात, किंचित एका बाजूला झुकलेल्या, आणि तीच सुरुवात मोहऱ्यांचे रंग बदलून पुन्हा खेळवावी.

वेळेचं म्हणाल, तर प्रत्येक बाजूला डावाचे एकच मिनिट दिले तरी हजार डावांना तेहेतीस तासांपर्यंत लागतील. रात्री लावून झोपा, आणि तेवढा वेळ त्या संगणकावर दुसरं काही चालवू नका.